वाचक विचारतात : पायथन टाकलं, पण पिप सापडून नाही रायलं

या वेळी बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आली. बीसीए, बीएस्सी, पॉलिटेक्निक सगळीकडे आता पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, आणि पहिलाच दगड लागतो तो पिपचा. पिप म्हणजे पायथनचा पॅकेज मॅनेजर, लोकांनी लिहून ठेवलेलं तयार सामान नेटवरून आणून आपल्या कॉम्प्युटरमधे नीट लावून देणारा प्रोग्राम. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, फोनवर एकमेकांना सांगतो तशा. टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच करायच्या. डॅश म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ, डॅश डॅश म्हटलं की दोन रेघा, मधे जागा न सोडता. पिपचं स्पेलिंग पी, आय, पी.

*मॅडम, मी बीसीए दुसऱ्या वर्षाले आहे. घरी सेकंडहॅन्ड लॅपटॉप घेतला, विंडोज १० आहे. पायथन टाकलं, टाकताना काही एरर नाही आली. पण पिप इन्स्टॉल पांडाज केलं की "इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड" असं येऊन रायलं. व्हिडिओत सांगतलं की गेट-पिप नावाची फाइल डाउनलोड करून चालवा, ते करायले गेली तं नुसतं पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडते. तीन वेळा काढून परत टाकलं. पिप वेगळं कुठून घ्या लागते का?*
— एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा

नाही ग, वेगळं कुठूनच घ्यायचं नाही. तू पत्र लिहीत होतीस तेव्हाही ते तुझ्या लॅपटॉपमधेच होतं. २०१४ च्या मार्चमधे पायथन ३.४ आलं, तेव्हापासून पिप पायथनच्या इन्स्टॉलरसोबतच येतं. पिप जन्मलं २००८ मधे, मधली पाच-सहा वर्षं ते खरंच वेगळं टाकावं लागायचं आणि ती गेट-पिपची फाइल त्या दिवसांची सवय आहे. लोक जुने व्हिडिओ बघून नवे व्हिडिओ बनवतात आणि ती पायरी तशीच पुढं चालत राहते, त्यात तुझ्यासारखीचे तीन दिवस जातात याचं मला फार वाईट वाटतं.

मग ते सापडत का नाही? त्याचं कारण पाथ. आपल्याला हातपंपाचा मिस्त्री हवा असला की आपण ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच विचारतो, बसस्टँड, चहाची टपरी, हार्डवेअरचं दुकान, आणि तिथं नसला की मिस्त्री नाही म्हणून परत येतो, तो बिचारा वावरात असतो. विंडोज तसंच करतं. त्याच्याकडे ठराविक फोल्डरांची यादी आहे, तिचं नाव पाथ, कमांड त्याच फोल्डरांत शोधायची, नाही दिसली की "नॉट रेकग्नाइज्ड" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पिप बसलेलं असतं पायथनच्या आतल्या स्क्रिप्ट्स नावाच्या फोल्डरात आणि ते फोल्डर तुझ्या यादीत नाही.

ते यादीत घालायची जागा इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर असते, अगदी खाली, दोन छोटे चौकोन, त्यातला दुसरा "अ‍ॅड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ". त्यात खूण आधीपासून नसते. आणि त्याच्या वर "इन्स्टॉल नाऊ" एवढं मोठं की नजर तिथंच जाते, खालच्या चौकोनाकडे कोणी बघतच नाही. तू तीनदा टाकलंस आणि तिन्ही वेळा वरचंच दाबलंस, बरोबर ना?

आता चौथ्यांदा काढू नको. काळी खिडकी उघड, म्हणजे स्टार्टमधे सीएमडी लिही, आणि हे टाइप कर: पीवाय, स्पेस, डॅश एम, स्पेस, पिप, स्पेस, डॅश डॅश व्हर्जन. पीवाय हा छोटा प्रोग्राम इन्स्टॉलरच ठेवून जातो आणि तो बहुतेक वेळा पाथची खूण नसली तरी सापडतो. एक ओळ येईल, आधी पिप आणि त्याचा आकडा, मग फ्रॉम आणि लांबच लांब पत्ता, आणि सगळ्यात शेवटी कंसात पायथन आणि त्याचा आकडा. त्या शेवटच्या कंसाकडे बघायची सवय आजच लाव. सेकंडहॅन्ड लॅपटॉपमधे आधीच्या मालकाचं पायथन बऱ्याचदा तसंच पडलेलं असतं. माझ्याकडे एकाचा लॅपटॉप आला होता त्यात तीन पायथन निघाले, तो पॅकेज टाकत होता एकात आणि प्रोग्राम चालवत होता दुसऱ्यात, आठ दिवस "मॉड्यूल नॉट फाउंड" बघून पार रडकुंडीला आला होता. पीवाय, स्पेस, डॅश शून्य केलं की घरात किती पायथन आहेत ते दिसतात.

म्हणूनच मी माझ्या मुलांना नुसतं पिप इन्स्टॉल लिहूच देत नाही. पीवाय डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज, असं पूर्ण. याचा अर्थ असा की या पायथनला सांग, तुझंच पिप काढ आणि तुझ्याच घरात सामान ठेव. चार अक्षरं जास्त लिहावी लागतात पण सामान कुठं गेलं हा प्रश्न राहत नाही. पांडाज, म्हणजे तक्त्यातली माहिती हाताळायचं पॅकेज, मागितलं की ते नमपाय, म्हणजे आकडेमोडीचं पॅकेज, वगैरे सोबत आणतं, त्याला घाबरू नको, पांडाजला काय काय लागतं ते पॅकेजमधेच लिहिलेलं असतं आणि पिप ते वाचून आणतं.

तरी पाथ नीट करायचाच असेल तर तीच इन्स्टॉलर फाइल परत चालव, "मॉडिफाय" घे, पुढं जा, "अ‍ॅड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स" वर खूण कर. मग काळी खिडकी बंद करून नवी उघड, कारण आधीच्या खिडकीला जुनीच यादी पाठ असते, इथं खूप जण फसतात. आणि स्टोअर उघडतं ते बंद करायला सेटिंगमधे "अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस" शोध, तिथं पायथनच्या नावाची दोन बटणं आहेत ती ऑफ कर. ते विंडोजनं आपल्या बाजूनं ठेवलेलं आहे, तुझी काही चूक नाही.

*पोरगा पॉलिटेक्निकले आहे. तालुक्याच्या एका क्लासवाल्यानं सांगतलं की पॅकेज मॅनेजर टाकाचे दीड हजार लागतात अन् दर वर्षी रिन्यू करा लागते. कापूस अजून घरातच आहे, विकला नाही. पैसे द्यावे का?*
— एक शेतकरी, ता. राळेगाव

काका, देऊ नका. पायथन फुकट आहे, पिप फुकट आहे, आणि पिप जिथून सामान आणतं तो साठा, त्याला पायपीआय म्हणतात, तोही फुकट आहे. या सगळ्यामागं पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन नावाची नफा न कमावणारी संस्था आहे, २००१ मधे निघालेली. वर्षाचं रिन्यू वगैरे यात कुठंच नाही. कोणी घरी येऊन तासभर बसून लावून दिलं, पोराला समजावून सांगितलं, तर त्याच्या मेहनतीचे पैसे द्या, ते रास्त आहे. पण लायसनच्या नावानं नाही.

पोराला मात्र एक सांगा. इन्स्टॉलर फक्त पायथन डॉट ओआरजी वरूनच घ्यायचा, आणि पॅकेजचं नाव अक्षर अन् अक्षर तपासूनच लिहायचं. तुम्हाला बोगस बियाण्याची पिशवी माहीत आहे, रंग तोच, चित्र तेच, नावात एक अक्षर इकडचं तिकडं. पायपीआयवर पॅकेज कोणीही चढवू शकतो, म्हणून तिथंही तोच धंदा चालतो. २०१९ च्या डिसेंबरात जेलीफिश नावाच्या चांगल्या पॅकेजची नक्कल पकडली होती, तिच्या नावात इंग्रजी लहान एलच्या जागी मोठा आय होता, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि ती जवळपास वर्षभर तिथं होती अन् लोकांच्या कॉम्प्युटरातल्या गुप्त चाव्या चोरत होती. नाव ऐकून अंदाजानं टाइप करायचं नाही, पुस्तकातून किंवा पॅकेजच्या स्वतःच्या पानावरून बघून लिहायचं.

*मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिप चालवतो. निम्म्यात आलं की "रीड टाइमआउट" येते. परवा तं चालू असतानाच लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी खराब आहे म्हणून तो बी बंद पडला. तेव्हापासून काहीही टाकलं की पिवळ्या रंगात "इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्यूशन" अशी ओळ येते अन् त्यापुढं नमपायचं मोडकं नाव.*
— ता. वरूड

पिप पंधरा सेकंद उत्तराची वाट बघतं आणि सोडून देतं. आपल्याकडच्या नेटला पंधरा सेकंद कमी पडतात, विशेषतः संध्याकाळी. कमांडच्या शेवटी डॅश डॅश टाइमआउट, स्पेस, १०० जोडा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच काम होतं. पूर्ण उतरलेली फाइल पिप स्वतःजवळ जपून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्यांदा तीच कमांड दिली तर आधी आलेलं परत उतरत नाही, डेटा वाया जात नाही, म्हणून तुटलं तरी बिनधास्त तीच कमांड परत द्या. २०२५ पासूनच्या पिपमधे नेट मधेच तुटलं तर त्याच फाइलचं डाउनलोड तिथून पुढं सुरू करायची सोय पण आलीय, तेव्हा पिप नवं करून घ्या: पीवाय डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश डॅश अपग्रेड पिप. टेन्सरफ्लो, टॉर्च असली पॅकेजेस मात्र शेकडो एमबीची असतात, दिवसाच्या पॅकवर त्यांच्या नादी लागू नका, तालुक्याला चांगलं नेट असेल तिथं उतरवा.

पिवळी ओळ म्हणजे लाइट गेल्याची खूण आहे. पिप जुनं पॅकेज काढताना त्याच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलतं, पहिलं अक्षर काढून तिथं नागमोडी रेघ लावतं, जी कीबोर्डवर एस्केपच्या खाली असते. काम झालं की ते फोल्डर पुसतं. तुमचं काम निम्म्यात राहिलं म्हणून ते तसंच पडून आहे. ओळीतच फोल्डरचा पत्ता दिलेला असतो, शेवटी साइट-पॅकेजेस. तिथं जा, ज्यांच्या नावाची सुरुवात नागमोडी रेघेनं होते तेवढेच फोल्डर डिलीट करा आणि नमपाय परत टाका. बाकी कशाला हात लावू नका.

*उबुंटू २४.०४ टाकलं. पिप इन्स्टॉल केलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून लाल एरर येते. मित्र म्हणतो शेवटी ब्रेक सिस्टिम पॅकेजेस लिहून दे, होते.*
— ता. समुद्रपूर

होतं, पण करू नका. उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टिम, तिची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात, त्यात आपलं पॅकेज घुसवणं म्हणजे गावच्या मुख्य पाइपलाइनला भोक पाडून आपला नळ घेणं. म्हणून २०२३ पासून डेबियन, म्हणजे उबुंटू जिच्यावर बेतलंय ती सिस्टिम, आणि उबुंटूनं ही अडवणूक मुद्दाम ठेवली आहे, आणि माझ्या मते चांगलं केलं. आधी सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हीईएनव्ही. मग पायथन३ डॅश एम व्हीईएनव्ही काम, इथं काम हे तुमच्या फोल्डरचं नाव. मग सोर्स, स्पेस, काम/बिन/अ‍ॅक्टिव्हेट. ओळीच्या सुरुवातीला कंसात काम असं दिसलं की आपण आपल्या खोलीत आलो, इथं पिप हवं तसं वापरा, बिघडलंच तर ते एक फोल्डर डिलीट करायचं, उबुंटूला धक्का नाही. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली करा. विंडोजवाल्यांनाही हे चालतं आणि त्यांनीही करावं.

*आमची निवासी शाळा आहे. लॅबमधे बारा कॉम्प्युटर, सगळे जुने, विंडोज ७. इंटरनेट नाही. माझ्या फोनला शाळेच्या ओट्यावर थोडी रेंज येते. नववी-दहावीच्या पोरांना पायथन शिकवायचं आहे, थोडं नमपाय आणि एक्सेलच्या फाइली वाचणं. नेटशिवाय पिप चालूच शकत नाही असं मला सांगण्यात आलं. मार्ग आहे का?*
— एक शिक्षक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

सर, आहे, आणि पूर्ण आहे. नेटशिवाय पिप चालत नाही हे खरं नाही. त्याला सामान पाहिजे, ते नेटवरून आलं की पेनड्राइव्हवरून आलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

आधी पायथन कोणतं ते. विंडोज ७ वर ३.९ आणि त्यापुढचं चालतच नाही, तुम्हाला ३.८ लागेल, त्यातही ३.८.१० घ्या, कारण त्या मालिकेत तयार इन्स्टॉलर असलेलं ते शेवटचं. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं ३२ बिट की ६४ बिट ते लिहिलेलं असतं, बाराही बघून घ्या, एखादा वेगळा निघू शकतो. ३.८ ला २०२४ पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, नेट नसलेल्या लॅबमधे शिकायला ते चालेल, बँकेच्या कामाला तो कॉम्प्युटर वापरू नका.

आता युक्ती. तुमच्या घरच्या नव्या लॅपटॉपवर सामान उतरवून शाळेत नेऊ नका, तिथंच घोळ होतो. लॅबमधलाच एक कॉम्प्युटर ओट्यावर किंवा जिथं रेंज आहे तिथं न्या, फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा. पायथन टाका. मग ही कमांड: पीवाय डॅश एम पिप डाउनलोड डॅश डी शिदोरी नमपाय ओपनपायएक्सएल. शिदोरी हे फोल्डरचं नाव, काहीही द्या, आणि ओपनपायएक्सएल हे एक्सेलच्या फाइली वाचणारं पॅकेज. डाउनलोड म्हटल्यामुळे पिप काही लावत नाही, फक्त आणून त्या फोल्डरात ठेवतं, सोबत लागणारं सगळं धरून, आणि ३.८ ला चालणारी शेवटची आवृत्ती स्वतःच निवडतं.

इथं जुन्या मशीनवर एक गोष्ट हमखास आडवी येते. "सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड" आलं तर नेटला दोष देण्याआधी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागं पळते, कॉम्प्युटर स्वतःला २००९ मधे समजतो आणि आजचं सर्टिफिकेट त्याला चुकीचं वाटतं. तारीख नीट करा, काम होईल. सेल सीआर २०३२ नावाचा, गोल चपटा, घड्याळाच्या दुकानात मिळतो, तालुक्याला जाल तेव्हा बाराच घेऊन या.

शिदोरी भरली की ती उघडून फाइलींची नावं वाचा. शेवटी डब्ल्यूएचएल असेल तर त्याला व्हील म्हणतात. हे जिनिंगमधून निघालेल्या गाठीसारखं, सरकी काढलेली, दाबून बांधलेली, नेली की वापरायला तयार. पण शेवटी टार जीझेड असेल तर तो वावरातून आणलेला कच्चा कापूस आहे, बऱ्याचदा त्यासाठी जिनिंग तुमच्या घरी पाहिजे, म्हणजे कच्च्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कम्पायलर, तो तुमच्याकडे नाही. तसं दिसलं तर फाइल काढून टाका आणि डाउनलोडच्या कमांडमधे डॅश डॅश ओन्ली-बायनरी, बरोबरची खूण, मग कोलन ऑल कोलन एवढं जोडून परत द्या, मग पिप फक्त गाठीच आणतं. नावात आणखी बरंच लिहिलेलं असतं. सीपी३८ म्हणजे पायथन ३.८ साठी, विन३२ म्हणजे ३२ बिट विंडोज, विन एएमडी६४ म्हणजे ६४ बिट, हे इंटेलच्या प्रोसेसरलाही तेच, नावावर जाऊ नका. नन-एनी असेल तर कुठंही चालतं, ओपनपायएक्सएलची फाइल तशीच असते.

मग पायथनचा इन्स्टॉलर आणि शिदोरी दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, आणि बाकीच्या अकरांवर आधी इन्स्टॉलर, पाथच्या चौकोनात खूण करून, मग काळ्या खिडकीत: पीवाय डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश डॅश नो-इंडेक्स डॅश डॅश फाइंड-लिंक्स, बरोबरची खूण, ई कोलन, उलटी तिरपी रेघ, शिदोरी, आणि मग नमपाय ओपनपायएक्सएल. ई हे पेनड्राइव्हचं अक्षर, तुमच्याकडे एफ असेल तर एफ लिहा. नो-इंडेक्स म्हणजे नेटकडे बघूच नको, फाइंड-लिंक्स म्हणजे सामान इथं आहे. ती नो-इंडेक्स विसरलात तर पिप आधी नेट शोधत बसेल, पाच वेळा प्रयत्न करेल, पोरं कंटाळतील.

पहिल्या कॉम्प्युटरवर तुम्ही करा, दुसऱ्यावर पोरांना करू द्या, तिसऱ्यापासून तुम्हाला कोणी हात लावू देणार नाही. एखादा ६४ बिटचा निघाला तर त्याच्यावरच पायथन टाकून, रेंजमधे नेऊन, शिदोरी६४ अशी दुसरी भरून ठेवा, दोन्ही एकत्र करू नका. पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून त्यावर पायथन ३.८.१०, ३२ बिट आणि तारीख पेनानं लिहा, कारण पुढच्या वर्षी बदली होऊन दुसरे सर आले तर त्यांना ते उघडून न बघता कळलं पाहिजे, आणि जवळच्या शाळेत विंडोज ७ असेल तर तोच पेनड्राइव्ह त्यांनाही चालेल, फक्त देण्याआधी शिदोरीची एक कॉपी तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवून घ्या.